स्पितीला जाणारं जॅकेट

जयनगर, बेंगळूर
मंगळवार, दुपार

प्रिय मनू,

हे पत्र रिक्षात बसून किंवा ऑफिसात टेबलाखाली धरून वाचू नकोस. खोलीवर गेलीस की हातपाय धू, काहीतरी खा आणि मग वाच. पण उद्याच वाच. परवावर टाकू नकोस, शनिवारवर तर नाहीच, कारण शनिवारी पहाटे तुझं विमान आहे. तुझी आई उद्या मारतहळ्ळीला तुझ्याकडे कोडुबळ्यांचा खाऊ डब्यात घेऊन येणार आहे, त्या डब्याबरोबर हे देतोय. तिला म्हटलं, प्रवासाच्या चार सूचना लिहिल्यात. ती हसली. म्हणाली, "अण्णा, फोनवर सांगून संपल्या नाहीत होय अजून?"

फोन मी केले हे खरं आहे. रविवारी चार केले, काल तीन. काल दुपारच्या फोनला तू म्हणालीस, "अज्जा, बर्फाचं सोडून काहीही बोल." मग मी दही आंबट झाल्याचं सांगितलं आणि ठेवला. संध्याकाळी परत केला तर तू उचललाच नाहीस. रागावलो नाही. दिवसातून चार वेळा कुणी माझ्या कानाशी तेच ते बोलायला लागलं असतं तर मीही नसता उचलला. पण जे बोलायचं होतं ते त्या सात फोनांत माझ्या तोंडून निघालं नाही, म्हणून लिहायला बसलो आहे. शाळा माझी सातवीत सुटली, लिहायची सवय नाही. फार तर गिऱ्हाइकाचं माप लिहिलं असेल. तेव्हा मागेपुढे झालं तर सांभाळून घे.

तुमची ही सहल ठरली तो रविवार मला स्वच्छ आठवतो. तू एचएसआर लेआउटमधल्या त्या तुझ्या दोन पुणेकर मित्रांना जेवायला आणलं होतंस, निहार आणि सिद्धी. पोरं चांगली आहेत. निहारने तिसऱ्यांदा सांबार मागून घेतलं तेव्हाच तुझ्या आजीला तो आवडला. माझं बोलणं ऐकून म्हणाला, "आजोबा, तुमचं मराठी एकदम जुन्या बनावटीचं आहे, आमच्याकडे असं आता मिळत नाही." मी म्हटलं, बाबा रे, आम्ही चार पिढ्या इथे कानडी लोकांत राहून ते फडक्यात गुंडाळून ठेवलंय, म्हणून टिकलंय. सगळे हसले. मीही हसलो. मग ताटं उचलली आणि तुम्ही टेबलावर तो लॅपटॉप उघडला, आणि माझं हसू गेलं ते आजतागायत परत आलेलं नाही.

पडद्यावर सगळं पांढरं. डोंगर पांढरे, रस्ता पांढरा, घरांची छपरं पांढरी. त्यात काळ्या मुंगीसारखी एक गाडी. सिद्धी म्हणाली, हाच तो रस्ता, शिमल्यावरून किन्नौर आणि तिथून वर स्पिती. निहार म्हणाला, "रात्री मायनस पंचवीस जातं, आजोबा," जसा कुणी क्रिकेटचा स्कोअर सांगतो. नळ गोठतात म्हणून नळच नसतात, बर्फ वितळवून पाणी करायचं. पहाटे डोंगराच्या धारेवर जाऊन तीन-चार तास हलायचं नाही, बोलायचं नाही, दुर्बीण लावून बसायचं. कशासाठी, तर हिमबिबट्या दिसला तर दिसेल. तुझी आजी सुपारी कातरता कातरता म्हणाली, "वाघच बघायचाय तर बन्नेरघट्ट्याचं झू काय वाईट आहे? दुपारच्या जेवणाला घरी येता येतं." तू तिच्या गळ्यात पडलीस. मी मात्र मनात मोजत होतो. पंधरा डिग्रीला मी कानटोपी घालतो. पंधरापासून उणे पंचवीस म्हणजे आणखी किती खाली, ते मला बोटांवर जमेना.

त्या दिवसापासून मी लोकांना विचारत सुटलो. औषधाच्या दुकानदाराला विचारलं, उंचावर श्वास लागतो म्हणजे काय होतं. त्याने सांगितलं आणि मी न विचारता बसलो असतो तर बरं असं वाटलं. मोबाइलवर बर्फातल्या गाड्यांचे व्हिडिओ बघितले. एक बघितला की तो मोबाइल त्याच जातीचे आणखी दहा आणून समोर ठेवतो. दरड, घसरलेली बस, वाट चुकलेली माणसं. संतोष, तुझा बाप, एका सकाळी माझ्या हातातून मोबाइल काढून घेऊन म्हणाला, "अण्णा, पोरगी सत्तावीस वर्षांची आहे. गाइड आहे, डॉक्टरची चिठ्ठी आहे, गावातल्या लोकांच्या घरी राहणार आहेत. तुम्ही तिला भीती घालू नका." मी सरी, बरं, म्हटलं. त्याचं बरोबर होतं. पण बरोबर असलेलं माणसाच्या पोटात उतरतंच असं नाही.

तू म्हणशील, अज्जा पहिल्यापासूनच भित्रा. असेन. पण तुझ्याबाबतीत मी कधीपासून असा झालो ते तुला माहीत नाही, कारण तू तेव्हा पाच वर्षांची होतीस आणि तुझ्या लेखी तो दिवस मजेचा होता. बसवनगुडीला कडलेकाई परिषे, ती शेंगांची जत्रा, भरली होती. शेंगांचे ढीग माणसाच्या कमरेएवढे, आणि गर्दी अशी की आपला पाय कुठला ते कळू नये. शेंगा पिशवीत भरून घेताना मी तुझा हात सोडला. पिशवीची दोन टोकं धरायला दोन हात लागतात, एवढाच वेळ. वर बघतो तर तू नाहीस. सव्वा तास, मनू. सव्वा तास मी प्रत्येक निळ्या फ्रॉकमागे धावत होतो. पोलिसाने विचारलं, फ्रॉक कसा होता, तर मी त्याला शिलाई सांगायला लागलो, झालर किती इंचाची, बटणं किती. तुझा चेहरा कसा आहे ते काही केल्या सांगता येईना. शेवटी तू सापडलीस ती एका शेंगावालीच्या पोत्यावर. तिच्या बरोबरीने शेंगा फोडत बसली होतीस आणि तिला सांगत होतीस की माझा अज्जा हरवलाय. रडलेली नव्हतीस. घाबरलेली नव्हतीस. मला बघून म्हणालीस, "कुठे गेला होतास?"

तुला भीती दिलेलीच नाही देवाने. तुझ्या वाटणीची माझ्याकडे आली. त्यानंतर कितीतरी वर्षं तुझ्या प्रत्येक कपड्याच्या आतून मी आपला फोन नंबर शिवत असे. आठवतं ना, दहावीत गेल्यावर तू एका बैठकीत सगळे काढून टाकलेस.

आता जॅकेटचं. तुझ्या ऑफिसातली कुणी परदेशी गेली आणि तिचं जॅकेट तुला देऊन गेली. लाल, पिसं भरलेलं, कप्प्याकप्प्यांचं. तू ते घेऊन आलीस आणि माझ्यासमोर घालून गिरकी घेतलीस. "पोत्यात घातल्यासारखी दिसतेय मी, अज्जा. फोटो चांगले यायला नकोत? दोन्हीकडून स्वल्प आत घे ना." मला काय बरं वाटलं ते कसं सांगू. महिनाभर सगळे मला गप्प बसायला सांगत होते, आणि त्या सहलीतलं एक काम माझ्या वाट्याला आलं होतं. बावन्न वर्षं मशीन चालवलंय. नवऱ्यांचे कोट शिवलेत, वकिलांचे काळे डगले शिवलेत. लोक चौथ्या ब्लॉकातलं दुकान शोधत यायचे, का, तर मास्तरच्या हातचा कपडा अंगाला बसतो. मी तुझं माप घेतलं आणि दोन्ही बाजूंनी दीड-दीड इंच आत घेतलं. काम करताना पिसं उडाली. आजीच्या केसांत बसली, फोडणीत पडली. ती ओरडली, "सहल त्यांची आणि बर्फ माझ्या स्वयंपाकघरात!"

काम झालं. हँगरला लावून लांबून बघितलं. कंबर अशी आली होती की काय सांगू. त्याच वेळी गिरीराज आला. शेजारच्या अपार्टमेंटचा सुपरवायझर, तू त्याला बघितलंयस, मिशा मोठ्या आहेत. माझ्याकडे पँटची लांबी कमी करायला येतो. अकरा वर्षं लष्करात ट्रक चालवत होता, त्यातली चार लडाखला. त्याने जॅकेट हातात घेतलं, आतून मूठ फिरवली आणि माझ्याकडे बघितलं. म्हणाला, "मास्तर, हे काय केलंत? ही काय लग्नाची शेरवानी आहे? आत तीन कपडे घालायचे असतात. मोकळी हवा राहिली पाहिजे, ती हवाच ऊब धरते. आणि ह्या कापडाला सुई लावली की भोक पडतं ते पडतंच, तिथून वारा शिरतो."

मला हे माहीत नव्हतं, मनू. बावन्न वर्षांत कुणी मला सांगितलं नाही, कारण बेंगळुरात कोण कशाला सांगेल? सुती कापडातून टीप उसवली, पाणी मारलं, इस्त्री फिरवली की भोकं मिटतात. लोकरीची तर नुसत्या वाफेने मिटतात. मी जॅकेट उसवलं आणि खिडकीशी धरलं, तर दोन्ही बाजूंना भोकांची रांग, उजेड दिसत होता त्यातून. अंगाला बसवणं एवढंच मला येतं, आणि तेवढ्यानेच मी तुला गारठवणार होतो.

पण ती चूक मी दुरुस्त केली. हे तुला नक्की कळायला हवं, म्हणून लिहितो. दुसऱ्या दिवशी बस पकडून चिकपेटला गेलो. रेनकोट शिवणारा एक ओळखीचा आहे, तो शिलाईवर आतून पट्टी चिकटवतो, पाणी शिरू नये म्हणून. त्याच्याकडून पट्टी आणली, कशी लावायची ते शिकून आलो. ह्या वयात शिकलो. दोन्ही बाजू होत्या तेवढ्या परत मोकळ्या केल्या, वर सुती फडकं ठेवून हलक्या इस्त्रीने एकेका भोकावर पट्टी बसवली. दोन दिवस लागले. गिरीराजला बोलावून दाखवलं. त्याने बाहेरून त्या भोकांच्या रांगेवर पाणी ओतलं, आत एक थेंब शिरला नाही. म्हणाला, "मास्तर, आता हे घालून पोरगी कुठेही जाऊ दे." हा गेला बुधवार होता. तू शनिवारी न्यायला येणार होतीस.

गेल्या शनिवारी तू आलीस ती घाईतच. खाली गाडी उभी होती, निहार हॉर्न वाजवत होता. मी म्हटलं, घालून बघ. तू म्हणालीस, "अज्जा, तीस डिग्रीला? घामाने वितळून जाईन." मी म्हटलं, नुसते हात घाल, हात वर करून बघ. तू म्हणालीस, तू शिवलंयस ना, मग काय बघायचं. मी तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा आजीसुद्धा म्हणाली, "अहो, जाऊ द्या की तिला, काय धरून बसलात!" आणि मग तू ती प्लॅस्टिकची पिशवी काढलीस, जॅकेट तिच्यात भरलंस आणि छोटा पंप लावून आतली हवा काढून टाकलीस. बघता बघता एवढं मोठं जॅकेट भाकरीसारखं चपटं, दगडासारखं घट्ट झालं. तू म्हणालीस, "बघ, आता थेट स्पितीलाच उघडायचं!" माझ्या गालाची पापी घेतलीस आणि जिना उतरून गेलीस. मी दारात उभा राहिलो. गाडी वळली तरी माझा पाय हलेना. तुझ्या आजीला वाटलं, नातीच्या मायेने.

रविवारच्या पहिल्या फोनला मी तुला विचारलं, जॅकेट घालून बघितलंस का. दुसऱ्याला विचारलं, पिशवी उघडलीस का. तिसऱ्याला म्हटलं, पिशवीत पिसं दबून खराब होतात म्हणतात, जरा मोकळं करून ठेव. तू म्हणालीस, निहारने वाचलंय, काही होत नाही. तो निहार फार वाचतो. काल मी तुला सांगायचंच म्हणून फोन हातात घेतला आणि तू म्हणालीस बर्फाचं सोडून बोल. आणि मी, बावळटासारखा, दह्यावर गेलो. मी घाबरट आहे हे सगळ्या घराला माहीत आहे. मी खोटा आहे हे कुणालाच माहीत नाही. ते तुझ्या कानात, तुझा आवाज ऐकता ऐकता, सांगायचं धैर्य मला झालं नाही.

तर ऐक. बुधवारी जॅकेट झालं, पण शनिवारपर्यंत ते माझ्याकडेच होतं. गुरुवारी दुपारी आजी झोपली होती. मी ते मांडीवर घेऊन बसलो होतो. चांगलं झालं होतं, आणि म्हणूनच मला भीती वाटली. तुला अडवणारं आता काही उरलं नव्हतं. मी कात्री घेतली आणि उजव्या बाहीचा मुंढा, काखेखालची वीतभर शिलाई, त्या परदेशी कंपनीने घातलेली पक्की, धडधाकट शिलाई, मी उसवली. आणि तिथे कच्चा दोरा घातला. आम्ही शिंपी ट्रायलच्या कोटाला घालतो ना, नुसता धावता टाका, मागून ओढला की निघून यावा असा. वरून काही कळत नाही. माझा हात सफाईचा आहे. मी म्हटलं, पोरगी घरी आरशासमोर घालून बघेल, फोटोसाठी हात वर करेल, बाही उसवून हातात येईल, पिसं घरभर होतील. आठवड्यात दुसरं असं जॅकेट मिळणार नाही, तिला मागे राहावं लागेल, आणि मला म्हणेल, अज्जा, तुझी शिलाई कशी काय गेली? ती नाचक्की मी घ्यायला तयार होतो. तू ते इथे घालूनच बघणार नाहीस, ते मिटवून थेट त्या डोंगराच्या धारेवर उघडशील, उणे पंचवीसात, जिथे जवळ सुई नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. बर्फाने तुला काही करू नये म्हणून महिनाभर जीव टांगणीला लावला, आणि बर्फाचं काम मीच करून ठेवलं. पत्र वाचून झालं की पिशवीची हवा सोड. जॅकेट उलटं कर आणि उजव्या काखेत पांढरा दोरा शोध, तो ओढलास की सहज येईल. तुमच्या मारतहळ्ळीच्या पुलाजवळ कुणीतरी टेलर असेलच. त्याला म्हण, इथे दुहेरी पक्की टीप मार आणि आतून पट्टी लाव. पट्टीचा उरलेला तुकडा कोडुबळ्यांच्या डब्याखाली ठेवलाय. तो कसा लावतो ते समोर उभी राहून बघ. मग ते घाल, चारदा हात वर कर, जोर लावून खेच, आणि खुशाल जा. आईला, संतोषला काय सांगायचं ते तू ठरव. मला नंतर हवं ते बोल. फक्त ते जॅकेट माझ्याकडे आणू नकोस, मनू. अज्जा तासाभरात करून देईल असं मनातसुद्धा आणू नकोस. परत माझ्या मांडीवर आलं तर माझा हात काय करेल, ह्याची मला खात्री नाही.

तुझाच,
अज्जा